वसुधाला दिवस गेले

माघातलं लग्न होतं, घाटकोपरला. वसुधाच्या दिराच्या मेहुणीचं. अक्षता पडल्यावर फोटोग्राफरने घरच्या मंडळींना मांडवात ओळीने उभं केलं. वसुधा आपल्या नवऱ्याशेजारी, श्यामकांतशेजारी, जाऊन उभी राहिली. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि तिला हाताने खूण केली.

“मावशी, तुम्ही इथे खुर्चीत बसा, वडील मंडळींत. साहेबांच्या मिसेसना त्यांच्याजवळ येऊ द्या.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वसुधाने श्यामकांतकडे पाहिलं. तो आता काहीतरी म्हणेल, हसण्यावारी नेईल, निदान तिचा दंड धरून तिला जवळ ओढेल, असं तिला वाटलं. तो टायची गाठ सारखी करत समोर बघत राहिला. शेवटी तिची जाऊ क्षमा पुढे झाली. “अहो, ह्याच की त्यांच्या मिसेस!” फोटोग्राफरने जीभ चावली. फोटो निघाला, जेवणं झाली. बोरिवलीला घरी पोहोचेपर्यंत श्यामकांत लग्नातल्या बासुंदीबद्दल बोलत होता.

वसुधा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. श्यामकांत तिच्याहून सात वर्षांनी मोठा. पण फोर्टातल्या विमा कचेरीतला हा हेडक्लार्क अजून ऑफिसच्या संघातून क्रिकेट खेळायचा, आणि त्याच्या डोक्यात पांढरा केस शोधावा लागे. वसुधाचे केस चाळिशीच्या आधीच पिकले. वरच्या दाढा काढल्यावर गाल आत गेले, आणि गालांवरचं गेलं ते जणू सगळं कमरेवर येऊन बसलं. नवी नवरी होती तेव्हा विजयकरांच्या सुनेला बघायला बायका मुद्दाम येत. ते बघणं कधी थांबलं, हे तिला सांगता आलं नसतं.

मूल नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. पुढे काही नाही. सासू होती तोवर नवस झाले, उपास झाले, अंगारे झाले. सासू गेली तशी तो विषयही गेला. श्यामकांतने दुसरं लग्न केलं नाही याचं नातेवाइकांना कौतुक वाटे, आणि ते कौतुक ते वसुधासमोरच करत.

लग्नाहून आल्यावर आठवड्याच्या आत श्यामकांतने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. पाठ दुखते, आत वारा लागत नाही, म्हणाला. संक्रांतीच्या सुमारास तो एकदा तिच्याजवळ आला होता. तेच शेवटचं.

तो कचेरीत गेला की वसुधा दाराला कडी घालून कपाटाच्या आरशासमोर उभी राही. लुगडं सोडी. पोटावरची वळी दोन्ही हातांनी आत दाबून धरी, आणि हात काढले की ती पुन्हा बाहेर येई. तिने रात्रीचं जेवण सोडलं. तोंडाला मसुराचं पीठ लावलं. कुठूनसा कलप आणवून केसांना लावला. तो कपाळावर उतरला आणि घासूनही जाईना. संध्याकाळी ताटावर बसलेल्या श्यामकांतने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “कपाळाला काय लागलंय? तवा घासत होतीस का?”

इतक्या दिवसांत त्याने तिच्या तोंडाकडे पाहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

फाल्गुनात तिच्या लक्षात आलं की आपली पाळी आलेली नाही. चैत्रातही आली नाही. पोट उपाशी राहूनही कमी होईना, उलट बेंबीखाली काहीतरी घट्ट लागायला लागलं. ॲग्नेसकडे पोलकं सैल करायला दिलं तेव्हा ॲग्नेसने टेप कमरेभोवती धरला आणि ती थांबली.

ॲग्नेस बोरिवलीतच, वझिऱ्यापलीकडच्या ख्रिस्ती गावठाणात राहायची. तिचा नवरा, अर्बन, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. घरची थोडी भातशेती, चार नारळ, आणि दारात शिवणाचं मशीन. ती वसुधाच्याच वयाची. पंधरा वर्षं वसुधाचे कपडे शिवता शिवता दोघी मैत्रिणी झाल्या होत्या, इतक्या की वसुधा तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायची आणि घरी सांगायची नाही.

“वसुधाबाय,” ॲग्नेस म्हणाली, “मागच्या महिन्यात तुझी कंबर मी मोजलीय. खायचं सोडलंस म्हणतेस आणि पोट वाढतंय. पाळी येते का वेळेवर?”

“नाही.”

“माझी गेली दोन वर्षांमागे. आपलं वय झालं गं.”

वसुधाच्या तोंडून आपसूकच निघालं, “मला मळमळतं.”

आणि खरंच मळमळत होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी मळमळायला लागलं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, संक्रांतीपासूनचे महिने बोटांवर मोजले आणि चष्म्यावरून हसले. “देवाच्या मनात आलं की वय विचारत नाही तो. जपा.”

तिने श्यामकांतला सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच धरून तो बसून राहिला. मग म्हणाला, “नक्की?”

“डॉक्टर म्हणाले.”

तो उठला, एका पायात बूट घालूनच खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. वसुधाने त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं, त्याची आई गेली तेव्हाही. तो तिच्यापुढे आला आणि त्याने हळूच, विचारल्यासारखा, तिच्या पोटावर तळहात ठेवला.

त्याच संध्याकाळी गादी आत आली.

पुढचे महिने वसुधाच्या आयुष्यात आले तसे पूर्वी कधी आले नव्हते. श्यामकांत कचेरीतून येताना संत्री आणायचा, चिंचेच्या गोळ्या आणायचा. विहिरीचं पाणी ओढायला त्याने बाई ठेवली. रविवारचं क्रिकेट बंद झालं. दिवेलागणीला तो तिला पाटावर बसवून तिच्या पाठीला तेल लावायचा. त्याच्या बोटांना सवय नव्हती, तेल ओघळून पोलक्यावर यायचं, आणि ती ते येऊ द्यायची. संध्याकाळी तिला घेऊन तो शेतांच्या बांधापर्यंत फिरायला जायचा. वाटेत कोणी भेटलं की आपण होऊन थांबायचा. “हिला जरा जपावं लागतंय,” असं सांगताना त्याचा आवाज चढायचा.

त्याला कचेरीत वर्षानुवर्षं काय काय ऐकावं लागलं असेल, ते वसुधाला त्या आवाजावरून कळलं. तिला त्याची कीव आली, आणि आनंदही झाला की तो कलंक तिच्या पोटाने पुसला. आता ती आरशासमोर उभी राहिली की पोट आत ओढत नव्हती. दोन्ही हात त्याच्याखाली धरायची.

फक्त ते हलत नव्हतं.

पाचवा सरत आला तरी आत काही हललं नाही. क्षमा विचारी, “काय वहिनी, लाथा मारतं का?” आणि वसुधा म्हणे, “हो तर.” मधूनच उजव्या कुशीत कळ येई, सुरी फिरवल्यासारखी, आणि जाई. शेवटी ॲग्नेसनेच धरून तिला पार्ल्याला एका लेडी डॉक्टरकडे नेलं. श्यामकांतला सांगितलं, कापड आणायला जातो.

डॉक्टर जयंतीबाई तरुण होत्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. त्यांनी बराच वेळ तपासलं. नळी पोटावर इथे तिथे ठेवून ऐकलं. पुन्हा ऐकलं. हात धुतले आणि खुर्ची ओढून वसुधाच्या अगदी समोर बसल्या.

“बाई, हे मूल नाही.”

वसुधाने आपल्या पोटाकडे पाहिलं.

“बीजकोशावर गाठ आहे, पाण्याने भरलेली. नारळाएवढी झालीय आणि वाढतेय. पाळी गेली ती वयाने गेली, दोन्ही एकाच वेळी झालं म्हणून तुमची फसगत झाली. अशी फसगत होते, तुम्ही पहिल्या नाही. लवकरात लवकर काढून टाकायला हवी.”

“मळमळतं मला,” वसुधा म्हणाली.

“मनाने घेतलं की मळमळतंही.”

वसुधाने पदर पोटावर ओढला. खाली बघून तिने विचारलं, “किती दिवस ठेवता येईल?”

“ठेवता येईल?” डॉक्टरबाईंना कळेना. “ठेवायची कशाला? एखाद्या वेळी गाठीला पीळ पडला तर जिवावर बेतेल. मिस्टरांना घेऊन उद्या या.”

बाहेर आल्यावर ॲग्नेस रडत होती. वसुधाचे डोळे कोरडे होते. स्टेशनच्या बाकावर बसल्यावर तिने ॲग्नेसचा हात इतका घट्ट धरला की तिच्या मनगटावर बांगडीचा वळ उठला.

“त्यांना सांगायचं नाही.”

“वेडी झालीस का?”

“सांगायचं नाही, ॲग्नेस. तुझ्या क्रूसाची शपथ घे.”

“आणि नवव्या महिन्यात काय करशील? मेलीस तर?”

“मेले तर बाळंतपणात मेले म्हणतील,” वसुधा म्हणाली. “त्यात लाज नाही.”

ॲग्नेसने त्या दिवशी शपथ घेतली नाही. दोन दिवसांनी ती घरी आली आणि दारातच म्हणाली, “आज मी श्यामकांतबाबूंना सांगणार. माझ्याच्याने हे पाप उचलवत नाही.” वसुधा तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. “सांग. ते घरात आले की सांग. मी तेवढ्यात मागच्या विहिरीवर जाऊन येते.” तिचा आवाज इतका शांत होता की ॲग्नेस उंबऱ्यावरच मटकन बसली. तिने सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं ॲग्नेसला याचा जाब स्वतःला द्यावा लागला.

तरी तिने हात जोडून एकदा विचारलं, “पण का गं? तो काय तुला टाकून देणार आहे? इतकी वर्षं टाकली नाही.”

“टाकली नाही म्हणजे काय झालं?” वसुधा म्हणाली. “कपाट टाकतं का कोणी घरातलं? तो माझ्याकडे बघतो आता, ॲग्नेस. मी खोलीत आले की मान वर करून बघतो. मला एवढं तरी पुरं होऊ दे.”

श्रावणात डोहाळजेवण झालं. वसुधा नको नको म्हणत होती, पण श्यामकांतने ऐकलं नाही. क्षमा आणि दीर नंदकुमार घाटकोपरहून आदल्या दिवशीच आले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पडवीत पानाफुलांनी सजवलेला झोपाळा. बोरिवलीतल्या ओळखीच्या बायकांनी घर भरून गेलं. वसुधाच्या पांढऱ्या केसांत शेवंतीची वेणी घालताना क्षमाने डोळे पुसले. मागच्या दाराशी दोघी कुजबुजत होत्या, ते वसुधाला ऐकू आलं. “शोभतं का गं ह्या वयात?” “शोभायला काय, नशीब आहे एकेकीचं.”

दोन वाट्या पुढे आल्या, झाकलेल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. वसुधाने हात पुढे केला आणि पेढ्याची वाटी उचलली. मुलगा, मुलगा, असा एकच गलका झाला. बाहेर पुरुषांत बसलेला श्यामकांत धावत आत आला, दारात थबकला, आणि सगळ्या बायकांसमोर लहान मुलासारखा हसला.

तेवढ्यात कुशीत कळ आली. वसुधाने झोपाळ्याची कडी धरली. कपाळावर घाम फुटला. बायकांना वाटलं, लाजली. कळ गेली. गाणी चालू होती. कोपऱ्यात उभी असलेली ॲग्नेस तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

भाद्रपद लागला तसं वसुधाचं धाबं दणाणलं. श्यामकांतने सुताराकडून पाळणा करायला टाकला होता. नाव काय ठेवायचं, यावर तो रोज जेवताना बोलायचा. ती ऐकायची, घास गिळायची. एका दुपारी ती एकटीच निघाली आणि अंधेरीला गेली. तिथे ननांचा एक अनाथाश्रम आहे, हे ॲग्नेसच्याच बोलण्यात कधीतरी आलं होतं.

सिस्टर एथेल नावाची पोक्त नन होती. वसुधा तिच्या समोरच्या बाकावर टेकली आणि तिने भराभर सांगून टाकलं: एक अगदी तान्हं मूल हवं आहे, पुढच्या महिन्यात, मुलगा असला तर बरं, गोरा नसला तरी चालेल. माहेरी जाते असं सांगून मी निघेन आणि इथून घेऊन जाईन. कोणाला कळणार नाही. मी त्याला जिवापलीकडे सांभाळीन.

सिस्टरची नजर वसुधाच्या पोटावर गेली. “पण तुम्हाला तर…”

“हे नाही,” वसुधा म्हणाली. “ह्यात काही नाही.”

परक्या बाईला का होईना, तिने ते पहिल्यांदा आपल्या तोंडाने सांगितलं. सांगितलं आणि तिला रडू फुटलं. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती हुंदके देत राहिली. सिस्टरने पाणी आणलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण नियम तो नियम होता. मुलं ख्रिस्ती घरांत दिली जात, आणि नवरा-बायको दोघांनी मिळून यावं लागे. “तुमच्या मिस्टरांना सांगा, बाई. सांगितल्यावर माणसं समजून घेतात.”

“तुमचं लग्न झालेलं नाही,” वसुधा म्हणाली आणि उठली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. श्यामकांत ओटीवर पेपर वाचत बसला होता. स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक किंकाळी. तो आत गेला तर वसुधा चुलीपाशी आडवी, गुडघे पोटाशी ओढलेले, ओठ पांढरेफटक. तिला नीट बोलताही येत नव्हतं. त्याने तिला तशीच उचलली. पन्नाशी उलटलेला तो माणूस त्या जड बाईला दोन्ही हातांवर घेऊन रस्त्यापर्यंत धावला आणि टांगेवाल्याला हाका मारत सुटला. पुढे कोणाची तरी मोटार मिळाली. वाटभर तो तिच्या कानाशी एकच म्हणत होता, “धीर धर, आपल्या बाळासाठी धीर धर.”

हॉस्पिटलात त्याने समोर आलेल्या पहिल्या डॉक्टरचे हात धरले. “डॉक्टर, दोघांतलं एकच वाचणार असेल तर…” पुढे त्याने काय म्हटलं ते वसुधाला ऐकू आलं नाही. तिला आत नेलं होतं. पण ते वाक्य तिने पुढे मनात अनेकदा दोन्ही तऱ्हांनी पुरं करून पाहिलं.

डॉक्टर म्हणाला, “दोघं? कोण दोघं?”

गाठीला पीळ पडून ती काळी झाली होती. डॉक्टरांनी गाठ काढली, गर्भाशयही काढलं. दोन दिवस वसुधा शुद्धीत नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा दुपार होती, श्यामकांत स्टुलावर बसला होता. दाढी वाढलेली, त्यात पांढरे खुंट. तो एकाएकी त्याच्या वयाचा दिसत होता. वसुधाने हात पोटाकडे नेला. पट्ट्या होत्या, आणि त्यांच्याखाली पोट खाली बसलेलं.

मग त्याने विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

ती खोटं बोलू शकली असती. लेडी डॉक्टरचं नाव ॲग्नेसशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पण तिच्या अंगात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“ज्येष्ठापासून.”

“डोहाळजेवणाच्या वेळी?”

“हो.”

“मी पेढे वाटले,” तो म्हणाला. “कचेरीत. साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मला हसं केलंस तू, वसुधा. का? काय मिळालं तुला?”

“तुम्ही माझ्या पाठीला तेल लावलंत,” ती म्हणाली. “मला हाताला धरून फिरायला नेलंत. गादी आत आणलीत. सांगितलं असतं तर ते सगळं गेलं असतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.”

श्यामकांत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर वसुधाला बरं वाटलं असतं. तो खरोखरच आठवून बघत होता, आणि आठवून झाल्यावर त्याने प्रामाणिकपणे, हळू आवाजात सांगितलं,

“ते तुझ्यासाठी नव्हतं गं.”

वसुधाने डोळे मिटून घेतले. नर्सने येऊन त्याला बाहेर जायला सांगितलं.

तो रोज येत राहिला. पेज आणायचा, औषधं आणून द्यायचा, डॉक्टरांशी बोलायचा आणि जायचा. क्षमा एकदा आली. काय बोलावं ते न सुचून मोसंबी सोलत बसली आणि सगळी मोसंबी सोलून झाल्यावर गेली. घरी पाठवायच्या दिवशी श्यामकांतला कचेरीत काम होतं. तो संध्याकाळी येईन म्हणाला. ॲग्नेस आणि अर्बन सकाळीच भाड्याची मोटार घेऊन आले होते. मोटारीत बसल्यावर वसुधा म्हणाली, “तुझ्याकडे ने.”

“माझ्याकडे?” ॲग्नेस घाबरली. “तुमच्या लोकांत काय म्हणतील?”

“म्हणायचं ते म्हणून झालंय सगळं.”

ॲग्नेसच्या घरात, मेणबत्ती लावलेल्या मेरीबाईच्या तसबिरीखाली, वसुधा चार-पाच दिवस पडून होती. ॲग्नेस तिला अंग पुसायला मदत करायची. पहिल्यांदा पट्टी काढून जखम उघडी केली त्या सकाळी वसुधा म्हणाली, “आरसा दे.” ॲग्नेसने आढेवेढे घेतले, मग हातआरसा दिला. बेंबीपासून खाली लाल, फुगीर शिवण गेली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सैल कातडी लोंबत होती, रिकामी. वसुधा कितीतरी वेळ बघत राहिली.

“माझ्या हातची असती तर यापेक्षा सरळ शिवली असती,” ॲग्नेस म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. वसुधाने तिच्या पाठीवर हात फिरवला.

“मला इथेच ठेवशील का?” तिने विचारलं. “मी काज-बटणं करीन. तुझ्या भाताची कामं करीन बरी झाल्यावर.”

ॲग्नेसने नाक पुसलं. तिच्या घरात दोन खोल्या होत्या आणि त्यांत अर्बन, सासू, दोन मुलगे आणि थोरल्याची बायको. तिने नवी पट्टी बांधायला घेतली. वसुधाने पुन्हा विचारलं नाही.

रविवारी श्यामकांत आला. अंगणात उभा राहिला, ओट्यावर चढला नाही. अर्बनने खुर्ची आणली तर तीवरही बसला नाही. वसुधा भिंतीला धरून दारात आली.

“घरी चल,” तो म्हणाला. “लोक विचारतायत.”

“काय सांगता त्यांना?”

“मूल गेलं म्हणून सांगितलंय. नंदकुमार आणि क्षमा सोडून कोणाला काही माहीत नाही. तूही तेच सांग.”

म्हणजे आता तिने त्या मुलासाठी सुतकी तोंडही करायचं होतं. वसुधा उंबऱ्यावर टेकली.

“मी येते,” ती म्हणाली. “पण एकदा माझ्याकडे बघा.”

श्यामकांतने मान वर केली. तिने पदर सारखा केला नाही, केस सावरले नाहीत. विस्कटलेले पांढरे केस, बसलेले गाल, हाडं वर आलेला गळा, सगळं त्याच्यासमोर तसंच ठेवून ती बसून राहिली. तो बघायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. क्षणभर त्याचे डोळे तिच्या तोंडावर टिकले. मग ते ॲग्नेसच्या कोंबड्यांकडे गेले.

“चल,” तो म्हणाला. “ऊन चढेल.”

ॲग्नेसने तिचे कपडे पिशवीत भरून दिले. पिशवी श्यामकांतने घेतली. दोघं गावठाणातून बाहेर पडली. वसुधाला पायरीएवढ्या चढालाही टाके ओढल्यासारखे वाटत होते. ती पावलापावलाला थांबत होती. वाटेत शाळेतले एक मास्तर भेटले, त्यांनी छत्री काखेत धरून हात जोडले. “ऐकून फार वाईट वाटलं. वहिनींना आता बरं आहे ना?”

“बरं आहे,” श्यामकांत म्हणाला.

मास्तर गेले. पुढे रस्त्याला सावली नव्हती, बसायला दगडही नव्हता. वसुधाला पुढे पाऊल टाकता येईना. ती कुंपणाच्या बांबूला धरून वाकून उभी राहिली, एक हात पोटावर दाबून. श्यामकांत काही पावलं पुढे गेला होता. ती मागे राहिली हे त्याच्या लक्षात आलं तसा तो थांबला. परत आला नाही, हाक मारली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत, शेतांकडे तोंड करून, तो ती येईपर्यंत तिथेच उभा राहिला.